भाडेकरू गेला, कुलूप लागलं : रिकाम्या घराचा विमा कसा निवडायचा?

(हर्सूल येथे घरमालक आणि ज्येष्ठ नागरिकांसमोर झालेल्या व्याख्यानाचे हे शब्दांकन. वक्त्यांनी अनेक वर्षे विमा क्षेत्रात सर्व्हेअर, म्हणजे नुकसानीची पाहणी करून अहवाल देणारे म्हणून काम केले आहे. बोलण्याचा बाज शक्य तितका तसाच ठेवला आहे. श्रोत्यांचे काही प्रश्न शेवटी दिले आहेत.)



विषय तसा रुक्ष आहे. विमा म्हटलं की माणसं घड्याळाकडं बघायला लागतात. म्हणून आधी माझ्या स्वतःच्या घराची गोष्ट सांगतो. माझी फजिती आहे, त्यामुळं ऐकायला बरी वाटेल.

वडिलांनी बांधलेलं आमचं घर इथून फार लांब नाही. जटवाडा रस्त्याच्या बाजूला, खाली दोन खोल्या, वर दोन खोल्या. वडील गेले, आई माझ्याकडं राहायला आली आणि घर भाड्यानं दिलं. २०१९ साली मार्चमध्ये भाडेकरूची बदली झाली. चांगली माणसं होती. चावी दिली, हिशोब केला, गेली. आता उन्हाळ्यात कोण घर बघायला येतं? जूनमध्ये शाळा सुरू होतील तेव्हा मिळेल कुणीतरी, असं म्हणून मी कुलूप लावलं.

मेच्या शेवटी शेजारच्या काकूंचा फोन आला. म्हणाल्या, "अरे, तुमच्या घरातून पाणी वाहतंय." जाऊन बघतो तर मागचं दार उचकटलेलं. पाण्याची मोटार गेलेली. बाथरूममधल्या पितळी तोट्या गेलेल्या. भिंतीतली वायर ओढून काढलेली. आणि तोटी उपटताना पाइप तुटला होता, त्यामुळं वरची टाकी होती नव्हती तेवढी सगळी घरात रिकामी झालेली. सगळं मिळून नुकसान ८५ हजारांच्या घरात.

मी मनात म्हटलं, चला, आपली घराची पॅकेज पॉलिसी आहे. क्लेम केला. कंपनीचा सर्व्हेअर आला. ओळखीचाच निघाला. त्यानं चहा घेतला, फोटो काढले आणि पहिला प्रश्न विचारला, "साहेब, घर बंद कधीपासून?"

तो प्रश्न मी स्वतः शेकडो लोकांना विचारलेला होता. आणि त्या क्षणी मला माझंच उत्तर कळलं. पॉलिसीच्या घरफोडीच्या भागात अट होती, की घर सलग ३० दिवसांपेक्षा जास्त रिकामं राहिलं आणि कंपनीला आधी लेखी कळवून मान्यता घेतली नसेल, तर त्या काळातली चोरी भरून मिळणार नाही. पाण्यानं झालेल्या नुकसानीचे थोडे पैसे मिळाले, कारण तो भाग वेगळा होता आणि त्याला ही अट नव्हती. चोरीचे शून्य. मी भांडलो नाही. त्याच्या जागी असतो तर मीही तेच लिहिलं असतं.

तर आज मला तुम्हाला मुख्य एकच गोष्ट सांगायची आहे. आपण विमा घेतो तो घर भरलेलं असताना, आणि नुकसान होतं ते बऱ्याचदा घर रिकामं असताना. मधल्या काळात काय बदललं, ते कंपनीला कुणी सांगितलेलंच नसतं.

कंपनीला रिकाम्या घराची एवढी भीती का?

यात दुष्टपणा काही नाही. साधा व्यवहार आहे. घरात माणूस असला की गळणारा नळ त्याच दिवशी दिसतो. शॉर्टसर्किटचा वास आला की मेन स्विच बंद होतो. रात्री खुडबुड झाली की कुणीतरी "कोण आहे?" म्हणून ओरडतं. रिकाम्या घरात हेच नुकसान आठ दिवस, पंधरा दिवस वाढत राहतं.

आपल्या शहरात तर आणखी एक गंमत आहे. नळाला पाणी किती दिवसांनी येतं, ते मी तुम्हाला सांगायला नको. भाडेकरू जायच्या दिवशी नळ कोरडा असतो. कुणीतरी तोटी फिरवून बघतं, पाणी नाही म्हणून तशीच उघडी राहते. कुलूप लागतं. मग ज्या दिवशी पाणी सुटतं, त्या दिवशी ते सगळं पाणी थेट तुमच्या हॉलमध्ये. असली प्रकरणं मी कितीतरी पाहिली आहेत.

म्हणून विमा कंपन्या 'रिकामं' या शब्दाभोवती अटी घालतात. आगीच्या विम्याची जी जुनी प्रमाणित पॉलिसी वर्षानुवर्षं देशभर चालली, तिच्यात स्पष्ट कलम होतं की इमारत ३० दिवसांपेक्षा जास्त काळ रिकामी राहिली आणि नुकसान होण्याआधी कंपनीची संमती पॉलिसीवर नोंदवून घेतली नाही, तर विमा त्या मालमत्तेला लागू राहत नाही. घरफोडीच्या काही पॉलिसींत तर याहून कडक, सलग ७ दिवस-रात्र घरात कुणी नसेल तरी संरक्षण थांबतं. म्हणजे तुम्ही चारधामला गेलात तरी.

तेव्हा पॉलिसी हातात आली की सगळ्यात आधी 'अनऑक्युपाइड' आणि 'अनइनहॅबिटेड' हे दोन शब्द शोधायचे. समोर किती दिवस लिहिलेत त्याखाली लाल पेननं रेघ मारायची. आणि तो आकडा नेमका कुठल्या भागाला लागू आहे ते बघायचं. आगीला की चोरीला, का सगळ्यालाच. माझ्या पॉलिसीत तो फक्त चोरीला होता, तेवढ्यामुळं पाण्याचे पैसे तरी मिळाले.

इथं एक घोटाळा नेहमी होतो. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना सोसायटीचा 'नॉन-ऑक्युपन्सी चार्ज' माहीत असतो. तो मालक स्वतः न राहता फ्लॅट भाड्यानं देतो तेव्हा लागतो. नुसतं कुलूप असेल तर लागत नाही. विम्यातलं बरोबर उलट आहे. भाडेकरू राहतोय म्हणजे घर वापरात आहे, फक्त ते भाड्यानं दिलंय हे कंपनीला माहीत हवं. कुलूप लागलं की ते रिकामं. तेव्हा सोसायटीचा शब्द विम्याच्या फॉर्मवर वापरू नका.

आज बाजारात मूळ पॉलिसी कोणती मिळते?

१ एप्रिल २०२१ पासून विमा नियामकानं, म्हणजे आयआरडीएआयनं, घरांसाठी एक प्रमाणित पॉलिसी आणली. तिचं नाव 'भारत गृह रक्षा'. घराला आगीचा विमा देणाऱ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांना ती द्यावीच लागते, आणि मूळ मजकूर सगळीकडं सारखाच असतो. त्यामुळं कंपन्यांची तुलना करणं सोपं झालंय.

तिच्यात काय काय येतं? आग, स्फोट, वीज पडणं. वादळ, पूर. भूकंप. जमीन खचणं, दरड कोसळणं. बाहेरून एखादी वस्तू किंवा वाहन येऊन धडकणं. दंगल, संप, कुणी मुद्दाम केलेली नासधूस. दहशतवादी कृत्य. पाण्याच्या टाक्या आणि पाइप फुटून किंवा भरून वाहून होणारं नुकसान.

भूकंपाचं मुद्दाम सांगतो. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे किल्लारीला काय झालं, ते इथल्या पन्नाशीच्या पुढच्या प्रत्येकाला आठवतंय. मराठवाड्यात भूकंप होईल असं तोवर कुणाच्या डोक्यातही नव्हतं. पूर्वीच्या आगीच्या पॉलिसीत भूकंपासाठी जादा पैसे भरून वेगळं संरक्षण घ्यावं लागायचं, आणि "आपल्याकडं कुठला भूकंप" म्हणून लोक ते सोडून द्यायचे. आता तो मूळ पॉलिसीतच आहे.

पुराचंही तसंच. हर्सूल तलाव भरला की आपल्याला आनंद होतो, झालाच पाहिजे. पण तलाव खाम नदीवरच आहे, आणि नदीच्या, नाल्याच्या काठानं सखल भागात ज्यांची घरं आहेत, त्यांना पाणी घरात शिरणं म्हणजे काय ते माहीत आहे. हे नुकसान मूळ पॉलिसीत येतं.

आता जे येत नाही ते ऐका, कारण रिकाम्या घरासाठी तेच महत्त्वाचं आहे.

साधी चोरी येत नाही. या मूळ पॉलिसीत चोरीचे पैसे मिळतात ते फक्त वर सांगितलेल्या एखाद्या आपत्तीमुळं, आणि तिच्यानंतर ७ दिवसांच्या आत चोरी झाली तर. म्हणजे पूर आला, दार वाहून गेलं आणि तिसऱ्या दिवशी कुणी फ्रीज नेला, तर मिळतील. पण नुसतं कुलूप तोडून मोटार नेली, तोट्या नेल्या, वायर ओढली, तर काही नाही. आणि रिकाम्या घरात सगळ्यात जास्त काय होतं? हेच. त्यासाठी घरफोडीचं संरक्षण वेगळं घ्यावं लागतं. काही कंपन्या ते याच पॉलिसीला जोडून देतात, काही वेगळ्या पॅकेजमध्ये देतात. त्यात 'रिकाम्या' दिवसांची अट कोणती आणि घराला लागलेल्या वस्तू, म्हणजे तोट्या, गिझर, पंखे, मोटार, वायरिंग, धरल्या आहेत का, हे विचारून घ्या. बऱ्याचदा चोरीचं संरक्षण फक्त 'सामाना'ला असतं, आणि रिकाम्या घरात सामान नसतंच.

दुसरं, ओल. पाइप एकदम फुटला तर ती घटना. स्लॅबमधून सहा महिने हळूहळू झिरपत असेल तर ती देखभालीची बाब, विम्याची नाही. घर बंद असलं की हा फरक सिद्ध करणं अवघड जातं, कारण नेमकं कधी फुटलं ते सांगायला घरात कुणीच नसतं.

तिसरं, कब्जा. कुणी घुसून बसला, जागेचा वाद झाला, तर तो दिवाणी कोर्टाचा विषय. घराचा विमा त्यात पडत नाही. अनधिकृत माणसं घरात शिरू नयेत याची काळजी घेणं ही उलट पॉलिसीनं तुमच्यावरच टाकलेली जबाबदारी आहे. तसंच प्रशासनाच्या आदेशानं बांधकाम पाडलं गेलं तर ते विम्यात येत नाही. आपल्याकडं गुंठेवारीतली घरं खूप आहेत, म्हणून हे लक्षात ठेवा.

चौथं, भाडं. या पॉलिसीत भाडं बुडाल्याची भरपाई आहे. पण कधी? आग, पूर अशा घटनेमुळं घर राहण्यायोग्य राहिलं नाही आणि त्यामुळं भाडं बुडालं, तर. भाडेकरू मिळत नाही म्हणून घर रिकामं आहे, याची भरपाई त्यात नाही.

विमा किती रकमेचा?

हर्सूलला आता जागेचे भाव काय झालेत ते तुम्ही बघताय. माणूस म्हणतो, माझं घर साठ लाखांचं, मग विमा साठ लाखांचा. चूक. त्या साठ लाखांत प्लॉटची किंमत आहे. प्लॉट जळत नाही, चोरीला जात नाही. विमा बांधकामाचा काढायचा.

हिशोब सोपा आहे. चटई क्षेत्र गुणिले आजचा बांधकामाचा दर. समजा ८०० चौरस फूट आणि दर २,००० रुपये धरला, तर १६ लाख. दर तुमच्या ठेकेदाराला विचारून खरा घाला, मी फक्त उदाहरण देतोय. भारत गृह रक्षात घरातल्या सर्वसाधारण सामानाला इमारतीच्या रकमेच्या २० टक्के, पण जास्तीत जास्त १० लाख, एवढं संरक्षण यादी न देता आपोआप मिळतं. आपल्या उदाहरणात ३ लाख २० हजार. तुमचं घर रिकामंच असेल, तर फक्त इमारतीचाही विमा घेता येतो. नसलेल्या सोफ्याचा हप्ता कशाला भरायचा?

हप्त्याची काळजी करू नका. अशा घराच्या मूळ पॉलिसीचा वर्षाचा हप्ता साधारणपणे एका महिन्याच्या भाड्यापेक्षा कमी असतो. त्यावर १८ टक्के जीएसटी आहे. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये जी सूट मिळाली ती वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्याला, घराच्या विम्याला नाही.

या पॉलिसीत आणखी एक चांगली सोय आहे. इतर पॉलिसींत १६ लाखांच्या घराचा विमा ८ लाखांचाच काढला आणि नुकसान २ लाखांचं झालं, तर निम्मेच, म्हणजे १ लाख मिळतात. कमी विमा काढला म्हणून कपात. भारत गृह रक्षात ही कपात लागत नाही. पण म्हणून रक्कम कमी लिहू नका, कारण घर पूर्ण गेलं तर लिहिलेल्या रकमेपेक्षा जास्त मिळणार नाही. पॉलिसी १० वर्षांपर्यंतची घेता येते, आणि एकापेक्षा जास्त वर्षांची घेतली तर विमा रक्कम दरवर्षी १० टक्क्यांनी वाढत जाते.

ज्यांनी गृहकर्ज घेतलंय त्यांना वाटतं, बँकेनं विमा काढलाय. काढलेला असतोही. पण तो किती रकमेचा, कुठल्या मुदतीचा, आणि फॉर्मवर 'स्वतः राहतो' लिहिलंय का, हे कुणी बघितलेलं नसतं. कर्ज फिटलं की अनेकदा तो विमाही संपतो आणि आपल्याला पत्ताच नसतो. फ्लॅट असेल तर सोसायटीला विचारा. आपल्या आदर्श उपविधींत सोसायटीनं इमारतीचा आग आणि भूकंपाचा विमा काढावा असं आहे. काढलाय का, हे पुढच्या सभेत उभं राहून विचारायला हरकत नाही.

फॉर्म भरताना

विम्याचा करार विश्वासावर चालतो. कंपनी घर बघायला येतेच असं नाही. तुम्ही लिहिता त्यावर ती हप्ता ठरवते. म्हणून फॉर्मवर तीन गोष्टी खऱ्या लिहा : घरात मी राहतो, भाड्यानं दिलंय, की सध्या रिकामं आहे. एजंट घाईत 'स्वतः राहतो' वर टिक करतो, आपण सही करतो. सही तुमची असते.

पुढं बदल झाला तर कळवायचं. भारत गृह रक्षात स्वतः राहत असलेलं घर भाड्यानं द्यायचं ठरवलं, वापर बदलला किंवा बांधकाम वाढवलं, तर कंपनीला कळवणं हे तुमचं काम आहे. आणि भाडेकरू गेला, घर महिनाभर तरी मिळणार नाही असं दिसलं, की त्याच आठवड्यात ईमेल करा. चार ओळी पुरतात : पॉलिसी क्रमांक, पत्ता, अमुक तारखेपासून घर रिकामं आहे, संरक्षण सुरू राहील याची नोंद पॉलिसीवर करून द्या. या नोंदीला ते एन्डॉर्समेंट म्हणतात. जादा हप्ता मागितला तर द्या. नाही म्हणाले तर तेही लेखी घ्या आणि दुसरी कंपनी बघा. आता ग्राहकाला मुदतीच्या मध्ये पॉलिसी रद्द करता येते, आणि क्लेम घेतलेला नसेल तर उरलेल्या काळाचा हप्ता प्रमाणात परत मिळतो. एजंटला फोनवर सांगितलं होतं, हे नंतर कामाला येत नाही.

एक गैरसमज इथंच काढून टाकतो. "तीन वर्षं झाली की कंपनी काही बोलू शकत नाही," असं लोक सांगतात. ते विमा कायद्याचं कलम ४५. ते आयुर्विम्याचं आहे. घराच्या विम्याला लागू नाही.

कुलूप लावायच्या दिवशी

भाडेकरू चावी देतो त्या दिवशी अर्धा तास जास्त काढा.

पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह बंद. वरची टाकी रिकामी. सगळ्या तोट्या बंद, कोरड्या असल्या तरी. मेन स्विच खाली. गॅसचा रेग्युलेटर काढलेला. मग मोबाइलनं प्रत्येक खोलीचा व्हिडिओ करा. तोट्या, पंखे, मोटार, मीटरचं रीडिंग, सगळं. तो तुमच्या मुलाला पाठवून ठेवा, म्हणजे तारीख राहते.

भाडेकराराची नोंदणी केलेली प्रत सांभाळा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणं करार लेखी आणि नोंदणीकृत असायला हवा, आणि ती जबाबदारी घरमालकावर आहे. विम्यात तो कागद दुसऱ्या कामाला येतो. भाडेकरू कधीपर्यंत होता, हे त्यावरून ठरतं. विजेचं बिलही बोलतं, बरं का. सर्व्हेअर पहिल्यांदा बिल मागतो. चार महिने शून्य युनिट असतील आणि तुम्ही "भाडेकरू मागच्या आठवड्यातच गेला" म्हणालात, तर पुढचं तुमचं खरंही खोटं वाटायला लागतं.

शेजाऱ्यांकडं एक चावी आणि तुमचा नंबर. आठवड्यातून एक चक्कर, आणि वहीत तारीख. ब्रिटनमध्ये रिकाम्या घरांसाठी वेगळ्या पॉलिसीच विकल्या जातात, आणि तिथंही घराची नियमित पाहणी करा, नोंद ठेवा, अशी अट असते. तुमची मुलं तिकडं असतील तर त्यांना विचारा. आपल्याकडं अट असो नसो, ही वही क्लेमच्या वेळी तुमच्या बाजूनं उभी राहते.

आणि शेजाऱ्यांचाही विचार करा. तुमच्या बंद घरातलं पाणी त्यांच्या भिंतीत गेलं, तुमची कंपाउंडची भिंत कुणावर पडली, तर जबाबदारी तुमच्यावर येते. त्यासाठी 'पब्लिक लायबिलिटी'चा भाग जोडून घ्यावा लागतो. माझ्या वेळी काकूंच्या भिंतीचा रंग मी माझ्या खिशातून दिला.

श्रोत्यांचे काही प्रश्न

*प्रश्न : माझा मुलगा पुण्यात आहे. आम्ही दोघं सहा महिने तिकडं, सहा महिने इकडं. महिन्यातून एकदा येऊन झाडलोट करून गेलो, तर ३० दिवसांची अट मोडते का?*

ताई, फेरी मारायची ती माराच, त्याचा फायदाच आहे. पण दुपारी येऊन झाडून पुसून संध्याकाळच्या गाडीनं परत गेलात, तर कंपनी त्याला राहणं मानेल असं धरून चालू नका. पॉलिसीत 'राहणं' म्हणजे काय लिहिलंय ते बघा. नाहीतर सरळ लिहून कळवा की आम्ही वर्षातले सहा महिने पुण्याला असतो. लपवण्यासारखं त्यात काय आहे?

*प्रश्न : एजंटकडून घ्यावी की ऑनलाइन?*

दोन्ही चालतं. फक्त एजंट हा कंपनीचा माणूस असतो आणि ब्रोकर हा ग्राहकाच्या वतीनं काम करतो, एवढा फरक माहीत असू द्या. ऑनलाइन घेताना स्वस्तात मस्त बघून पटकन बटन दाबू नका. पॉलिसीचा पूर्ण मजकूर कंपनीच्या वेबसाइटवर असतो. तो डाउनलोड करा आणि ते 'रिकामं'वालं कलम आधी वाचा.

*प्रश्न : भाडेकरूनंच जाताना पंखे काढून नेले तर?*

ते आधी डिपॉझिटमधून वळतं करा. ज्याला आपण स्वतः आत घेतलं त्यानं केलेली चोरी बहुतेक पॉलिसींत येत नाही, कारण घरफोडी म्हणजे जबरदस्तीनं आत शिरल्याच्या खुणा लागतात. म्हणूनच चावी घेण्याआधी घर बघायचं. आणि भाडेकरूचं सामान तुमच्या पॉलिसीत नसतं, हेही त्याला सांगून ठेवा. त्यानं स्वतःचा सामानाचा विमा काढावा.

*प्रश्न : नुकसान झालंच तर पहिलं काय करायचं?*

पाणी, वीज बंद करा, म्हणजे नुकसान वाढणार नाही. मग फोटो. मग कंपनीला फोन आणि ईमेल, त्याच दिवशी. चोरी असेल तर पोलिसांत तक्रार, आग असेल तर अग्निशमन दलाचा अहवाल. सर्व्हेअर येईपर्यंत मोडलेलं दार, तुटलेला पाइप फेकून देऊ नका. लोक घर स्वच्छ करून ठेवतात, पाहुणा येणार म्हणून. मग बघायला काय उरतं?

*प्रश्न : क्लेम नाकारला आणि आपल्याला तो अन्याय वाटला, तर कोर्टात जावं लागतं का?*

लगेच नाही. आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडं लेखी तक्रार करा. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपाल आहे. आपला जिल्हा पुण्याच्या लोकपाल कार्यालयाकडं येतो. फी नाही, वकील लागत नाही. ५० लाखांपर्यंतच्या भरपाईचे दावे ते ऐकतात, आणि कंपनीनं अंतिम नकार दिल्यापासून वर्षाच्या आत जावं लागतं. आयआरडीएआयचा १५५२५५ हा मोफत क्रमांक आहे, तिथंही तक्रार नोंदवता येते. ग्राहक आयोगाचा रस्ता वेगळा उरतोच. पण तिथं गेल्यावर तुमच्या हातात काय आहे ते बघतात. तुम्ही घर रिकामं असल्याचा ईमेल पाठवला होता आणि कंपनीनं उत्तर दिलं नाही, तर तुमची बाजू वेगळी असते. काहीच पाठवलं नव्हतं, तर माझ्यासारखी.

*प्रश्न : तुमच्या त्या घराचं पुढं काय झालं?*

(हसत) मिळाला भाडेकरू, त्याच जुलैत. तो गेला, दुसरा आला. मधे एकदा घर दोन महिने पुन्हा रिकामं होतं. त्या वेळी कुलूप लावून घरी यायच्या आधी, तिथल्याच पायरीवर बसून मी कंपनीला ईमेल केला. चार दिवसांनी नोंद करून उत्तर आलं. काही चोरीला गेलं नाही, काही फुटलं नाही. तो कागद फायलीत तसाच पडून आहे, आणि तसाच पडून राहो.

तुमच्यापैकी ज्यांचं घर आत्ता बंद आहे, त्यांनी आज घरी गेल्यावर पॉलिसी काढा. सापडली नाही, तर ती शोधणं हेच पहिलं काम.